कादंबरीत कोणी मरायचं नाही

मागच्या उन्हाळ्यात मी ठरवलं, की एक अभिजात कादंबरी आणि एक आजकालची, अशा आळीपाळीने वाचायच्या. आजकालच्या मला आवडतात, कारण त्यांत पहिल्याच पानावर प्रेत असतं. अभिजात कादंबरीत पहिल्या पानावर संध्याकाळ असते आणि दहावं पान आलं तरी ती मावळायचं नाव घेत नाही. पण नांदगाव पेठच्या ज्या कापड कारखान्यात मी हिशेब बघते, तिथली शेजारच्या टेबलावरची बाई डबा खाताना विचारायची, "तुम्ही फक्त खूनच वाचता का हो?" ते मला चांगलंच झोंबलं होतं.

तेवढ्यात अकोल्याला आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मी रजा टाकून अमरावतीहून गेले. जुन्या शहरातल्या आमच्या घरात बाबांचं कपाटभर अभिजात साहित्य होतं. बाबा आदल्या वर्षी गेले, तेव्हापासून ते कपाट कोणी उघडलं नव्हतं. आई तेव्हाही रडली नाही आणि नंतरही नाही. फक्त मालिकेत हार घातलेला फोटो दिसला, की ती चॅनल बदलायची. या न रडण्याची मला भीती वाटायची.

ऑपरेशननंतर काळा चष्मा लावून ती कूलरसमोर पडली आणि दुसऱ्याच दिवशी कंटाळली.

"वाचून दाखव काहीतरी. तुहंबी वाच, तुह्या बाबाचंबी वाच," ती म्हणाली. "पन कोनी मरते का त्याच्यात?"

"नाई व," मी म्हटलं आणि फसले.

कारण अभिजात कादंबरीत मरण्यावाचून लोकांना दुसरा उद्योगच नसतो. पहिल्या कादंबरीतल्या नायकाला क्षय झाला. मी वाचता वाचताच त्याला हवापालटाला सेमाडोहच्या जंगलात धाडून दिलं. "वाघ दिसला का त्याले?" आईने विचारलं. दिसला, म्हटलं. दुसरीतल्या नायिकेने विहिरीत उडी घेतली, तेव्हा मी विहीर कोरडी ठेवली. अकोल्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, त्यामुळे आईला हे लगेच पटलं. "उन्हायात कोन विहिरीत उडी मारते? येडी हाय का थे?" एवढंच ती म्हणाली.

खरी पंचाईत माझ्या लाडक्या खुनांनी केली. प्रेताला मी नुसतं बेशुद्ध केलं होतं, आणि बिचारा पोलीस अधिकारी दोनशे पानं गुन्हेगार शोधत वणवण फिरत होता. आई वैतागली. "इतका कायले हिंडते तो? त्याले शुद्धीवर येऊ दे, थोच सांगन ना कोनं मारलं!" मी त्या माणसाला शेवटपर्यंत शुद्धीवर येऊ दिलं नाही. जगातला कुठलाही डॉक्टर मला माफ करणार नाही.

मग एका दुपारी आई म्हणाली, "थे लाल बांधनीचं जाडं पुस्तक हाय ना, थे काढ. त्याच्यावर तुहे बाबा रडले होते."

बाबा आणि रडले? माझा विश्वास बसेना.

"सैपाकघरात येऊन रडले, मी पाह्यलं. काहून रडले विचारलं, तं सांगतलं नाई. मले आता पाह्यचं हाय, असं काय हाय त्याच्यात."

चार दिवस आम्ही ते वाचत होतो. आई इतकं लक्ष देऊन ऐकायची, की कूलरसुद्धा बंद करायला लावायची, आणि बाहेर अकोल्याचं ऊन! शेवटचं प्रकरण मी आधी एकटीने चाळलं. नायकाची बायको बाळंतपणात जाते. हे आईला ऐकवायची माझी छाती झाली नाही. मी बाळंतीण वाचवली, बाळ वाचवलं आणि पदरचं बारसं घालून घुगऱ्यासुद्धा वाटल्या.

"झालं?" आईने विचारलं.

"झालं."

"मंग रडले काहून?"

"आनंदानं रडले असतील."

"तुहे बाबा? त्याईले आनंद झाला का थे झोपत." आईने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "मेली ना थे? तू कवापासून सगळ्याईले वाचवून राहिली. मरू दे तिले. वाच."

मी वाचलं. संध्याकाळचं वर्णनही गाळलं नाही. नवरा बाहेर ओट्यावर बसलेला, आत जायची त्याला परवानगी नाही, आतला आवाज थांबतो आणि तरी तो उठत नाही, कारण उठलं तर विचारावं लागेल. प्रकरण संपलं, तसं मी पुस्तक मिटलं.

"तू सव्वा महिन्याची होती, तवा रडले थे," आई मग म्हणाली. "तू झाली, तवा डॉक्टरीनबाईनं सांगतलं होतं, दोघीतली एकच वाचन. अन हा मानूस समोरच्या टपरीवर चाय पेत बसला होता. नर्सनं सांगतलं मले. मी इकडे मरून राहिली अन हा चाय पेते! जलमभर मी त्याईले त्या चायवरून बोलली. पाव्हन्यारावळ्याईसमोर बोलली. एका शब्दानं कधी उलटून बोलले नाई."

मला हे माहीत होतं. त्या चहावरून बाबांची टिंगल करण्यात आम्ही मुलंही पुढे असायचो.

"एकदा तरी सांगाचं होतं ना व त्याईनं," आई म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. मोठ्याने, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं. डोळ्याला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं. मी तिला अडवलं नाही.