फाटकाशी उभे राहणारे मामा

माझ्या बायकोच्या मामांइतका फाटकाला मान देणारा माणूस अख्ख्या इंदुरात दुसरा नसेल. घर कुणाचंही असो, आतून कुणी 'या' म्हटल्याशिवाय ते पाऊल आत टाकत नाहीत. आमच्या लग्नात ते मांडवाच्या तोंडाशी असे उभे राहिले, की कुणाचं लक्ष जाईपर्यंत मंगलाष्टकं संपली. मामी होत्या तेव्हा स्वतःच्या घराशीही थांबायचे. त्यांनी आतून "अहो, या की आत!" म्हटलं की मगच चप्पल काढायचे. कुणाला फोन करायचा तर आधी 'फोन करू का?' असा मेसेज पाठवतात आणि उत्तर येईपर्यंत खुशाल वाट बघत बसतात.

सियागंजच्या बाजारात जन्मभर नळाच्या तोट्या विकलेला हा माणूस सध्या क्रिप्टोच्या एका ऑनलाइन ग्रुपचा ॲडमिन आहे. मामी गेल्यावर दिवस सरेना, म्हणून मामा हे नवं प्रकरण शिकले, आणि शिकल्यावर शिकवल्याशिवाय त्यांना राहवेना. ग्रुपमध्ये रोज कोणी ना कोणी भामटा शिरतो आणि पैसे दुप्पट करून द्यायला निघतो. मामा त्याला काढून टाकतात, पण रीतसर निरोप देऊन: 'आपण निघावे. कळावे, लोभ नसावा.' तरुण मेंबरांना ही सभ्यता सोसत नाही. त्यांचं म्हणणं, बावळट प्रश्न विचारणाऱ्या नव्या माणसांना दारातूनच परत पाठवा, कोण चोर नि कोण साव कसं ओळखायचं! मामा म्हणतात, "अरे भिया, तोटी घ्यायला आलेला आदमी विचारणारच ना, ही कोणत्या साइडला फिरते म्हणून? त्याला चोर समजलो, तर दुकानात येणार कोण?" प्रत्येक नव्याकडून ते दोनच गोष्टी पाठ करून घेतात. क्रिप्टो ठेवायच्या वॉलेटचे बारा गुप्त शब्द म्हणजे तिजोरीची किल्ली, ती देवालासुद्धा द्यायची नाही. आणि मामा आपणहून ग्रुपमधल्या कुणाला खाजगी मेसेज करत नाहीत. ज्यानं केला, तो मामा नव्हे.

त्यांच्याच राजेंद्र नगरातल्या एक निवृत्त शिक्षिका ग्रुपमध्ये नव्यानं आल्या. पेन्शनीतून साठवलेले पैसे त्यांनी यात घातले होते. वॉलेट उघडून द्यायला मामाच गेले होते, अर्थात बाईंनी "या भाऊ" म्हटल्यावर. 'हे नाणं हातात कधी मिळतं?' असं बाईंनी ग्रुपवर विचारलं, तेव्हा पोरं खो खो हसली. मामांनी सगळ्यांना गप्प केलं आणि बाईंना धीरानं समजावून सांगितलं.

मग एका बुधवारी मी आणि मामा खजरान्याच्या गणपतीला दर्शनाच्या रांगेत असताना ग्रुपवर बाईंचा मेसेज आला: 'भाऊ, तब्येत बरी आहे ना? आपण न बोलावता मला खाजगी मेसेज केलात आणि बारा शब्द मागता आहात, म्हणून काळजी वाटली.'

मामांचा चेहरा पांढराफटक पडला. मामांचा फोटो लावून कुणीतरी बाईंना गाठलं होतं. मामांनी 'तो मी नव्हे, देऊ नका' लिहिलं, एरवी हसणारी पोरंही 'देऊ नका' लिहीत सुटली, पण बाईंचं उत्तर येईना. मग आयुष्यात पहिल्यांदा मामांनी न विचारता थेट फोन लावला. बाईंनी तो कापला आणि मोबाइलच बंद करून टाकला.

गाभारा समोर दिसत होता, तरी मामा रांगेतून बाहेर पडले. "चल यार, गाडी काढ! बाप्पा समजून घेतील."

स्कूटरवर आम्ही अर्धं शहर ओलांडून राजेंद्र नगर गाठलं. मामांनी बाईंच्या फाटकाच्या कडीवर हात ठेवला आणि मागे घेतला.

"मामा, जा ना आत!"

"अरे, बोलावलं कुठेय अजून!" असं म्हणून ते तिथूनच ओरडले, "बाई! मी असली आहे! शब्द देऊ नका!"

खिडकी उघडली. फाटकाबाहेर घामाघूम उभ्या असलेल्या मामांना बाईंनी नीट न्याहाळलं.

"हे मात्र खरे तुम्हीच," त्या म्हणाल्या. "या भाऊ, आत या."

बाईंनी एकही शब्द दिला नव्हता. न विचारता फोन आला तेव्हा हाही तोच भामटा असणार अशी त्यांची खात्री पटली, आणि मोबाइल बंद करून त्यांनी पिठाच्या डब्यात पुरून ठेवला होता. मामा मटकन खुर्चीत बसले, हसता हसता डोळे पुसू लागले. माझाही जीव भांड्यात पडला. पाणी देताना बाई म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही मला सांभाळून घेतलं नसतं, तर लाजेनं आज ग्रुपवर विचारलंच नसतं हो. गुपचूप देऊन टाकले असते."

नंतर मी मामांना घरी सोडलं. आपल्या फाटकाशी ते नेहमीसारखे क्षणभर थांबले. मामी गेल्यापासून आतून हाक येत नाही, हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं, पण ती हाक आपणही मारू शकतो हे कुणाला सुचलं नव्हतं. मी स्कूटर बंद केली, त्यांना ओलांडून पुढे गेलो आणि त्यांच्याच ओसरीवर उभा राहून म्हणालो, "मामा, या की आत!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फाटक लोटलं आणि पायरीशी येऊन चप्पल काढली.