सहाव्या तुकड्यातली बाई

कॅसेटच्या कारखान्यात चाळीस माणसं कामाला होती आणि त्यातली एक बाई नुसती खुर्चीत बसून पगार घेते, असं पॅकिंगमधल्या बायकांचं ठाम मत होतं. ती म्हणजे कानताई. खरं नाव हजेरीपटावर होतं, ते तिथेच राहिलं. तिचं काम ऐकण्याचं. प्रत्येक लॉटमधली एक कॅसेट उचलायची, काचेच्या खोलीत बसायचं, हेडफोन चढवायचे आणि दोन्ही बाजू अथपासून इतिपर्यंत ऐकायच्या. खरखर आहे का, आवाज मधेच बुडतो का, टेप कुठे चुरगळलीय का. चूक सापडली की गुलाबी चिठ्ठी लिहायची. गुलाबी चिठ्ठी निघाली की अख्खा लॉट थांबला, मग मालक येवो नाहीतर मालकाचा बाप. समोर एक मीटर होतं, आवाजाबरोबर त्याचा काटा हलायचा. पण म्हाताऱ्या सुपरवायझरने पहिल्याच दिवशी तिला बजावलं होतं, "काटा मशीनचा, कान आपला. दोघांचं जुळलं नाही तर कानाचं ऐकायचं."

आता दिवसाला आठ तास गाणी ऐकणाऱ्या बाईला गाण्याचं काय कौतुक असणार? घरी कोणी रेडिओ लावला तरी ही उठून खिडकी लावून घ्यायची. अशा बाईच्या टेबलावर एका सोमवारी सकाळी 'बिनबोभाट' नावाची कॅसेट येऊन पडली.

त्या काळी पाच केसाळ पोरांचा एक रॉक बँड जोरात होता. नाव सगळं गाणाऱ्याचं. मागे ड्रमशेजारी अर्धा अंधारात उभा राहून एक जण गिटार वाजवायचा, त्याचं तोंडही कोणाला नीट आठवत नसे. गाणारा डोक्यावर चढून बसला, बँड फुटला, आणि हा गिटारवाला एक बंद पडलेलं कोल्ड स्टोरेज भाड्याने घेऊन त्यात अकरा दिवस एकटाच वाजवत बसला. जाड भिंती, खिडकी नाही, एकच अवजड दार. तिथे टेप करणाऱ्या एका पोराला हाताशी धरून त्याने सात तुकडे टेप केले. शब्द एकही नाही. कव्हरवर फोटोसुद्धा त्या दाराचाच.

धिंगाणा ऐकायच्या तयारीने कानताईने आवाज कमी करून ठेवला, आणि पहिल्याच तुकड्याला तिला तो वाढवावा लागला. गडी एकच तार छेडत होता आणि ती पूर्ण विझेपर्यंत थांबत होता. मग पुन्हा तीच. दुसऱ्या तुकड्यात वाटतं की आता बोटांची करामत दाखवणार, दाखवायची संधीही समोर असते, आणि पठ्ठ्या ती सोडून देतो! चौथ्यात दोन गिटारी आहेत, दोन्ही त्याच्याच, नवरा-बायको भांडतात तशा एकमेकींचं वाक्य तोडतात आणि शेवटी दोघी एकदमच गप्प होतात. सगळे वाजवण्यासाठी वाजवतात, हा थांबण्यासाठी वाजवतो, असं कानताईला वाटलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ती चूक शोधायची विसरली.

आणि चूक सापडली सहाव्या तुकड्यात. तो सगळ्यात संथ. मधे गिटारवाला हात काढून घेतो आणि अकरा सेकंद काहीच नाही. त्या अकरा सेकंदांत एक बाई गुणगुणत होती.

सुरेल नाही, बेसूर नाही. फळीवरचे डबे हलवत काहीतरी शोधणारी बाई गुणगुणते तसं. दीड ओळ, मधे एक श्वास, उरलेली अर्धी ओळ. कानताईने मीटरकडे पाहिलं. काटा तळाला निपचित पडलेला. तिने टेप मागे घेतली. पुन्हा बाई, पुन्हा काटा निपचित. आणि अंगावर काटा येण्यासारखी गोष्ट म्हणजे आवाज हेडफोनमधून येतोय असं वाटतच नव्हतं. तो डावीकडून येत होता, जिथे रिकाम्या पेट्यांची खोली होती. ती उठून बघून आली. पेट्याच होत्या.

सुपरवायझरने तीनदा ऐकलं. "मला तर काही ऐकू नाही येत, बाई. पण तुझा कान. लिहितेस?"

कानताईने नऊ वेळा ऐकलं आणि लिहिलं: बाजू दुसरी, तुकडा सहावा, मधल्या शांततेत बाई गुणगुणते. खाली सही.

झालं. लॉट थांबला. कंपनीने गिटारवाल्याला चिठ्ठी पाठवली आणि कळवलं, सहावा तुकडा पुन्हा वाजवून द्या. तो म्हणाला, देणार नाही. कंपनीला निमित्तच हवं होतं, गाणाऱ्याशिवायची गिटार कोण घेतंय? नमुना म्हणून आधीच पाठवलेल्या दोनेकशे कॅसेट दुकानांत धूळ खात पडल्या, बाकी सगळ्या लोहचुंबकाच्या यंत्राखाली जाऊन कोऱ्या झाल्या. एक सोडून. ती एक कानताईने डब्याच्या पिशवीत घालून घरी नेली. जन्मात केलेली एकुलती एक चोरी, आणि तीही स्वतःच बाद केलेल्या मालाची.

पुढे चारचौघींसारखंच सगळं झालं. लग्न झालं, नवरा चष्म्याच्या दुकानातला. "घरात डोळे आले, कान आले, आता नाकवाला जावई शोधू," असं तो लेक पाळण्यात असल्यापासून म्हणायचा. माणूस मोठा मजेशीर. कारखाना बंद पडला, कॅसेटी गेल्या, कानताई घरी बसून शिकवण्या घेऊ लागली. पण आठवड्यातून एकदा, दुपारची भांडी आवरली की 'बिनबोभाट' लागायचीच. कोणी पाहुणा तावडीत सापडला तर त्यालाही ऐकवायची. "बघा, आता तो थांबेल. बघा, कसा थांबला!" पाहुणा घड्याळाकडे बघायचा. नवरा म्हणायचा, "हिचा पहिला नवरा कॅसेटमध्ये आहे, मी आपला दुसरा."

बाई मात्र गुणगुणतच होती. नवऱ्याला ऐकू येत नसे, लेकीलाही नाही. पहिल्या घरात ती स्वयंपाकघरातून गुणगुणायची. दुसऱ्या घरात मागच्या गॅलरीतून. टेपरेकॉर्डर तीन बदलले, हेडफोन बदलले, खोल्या बदलल्या. जिथे बसावं त्याच्या शेजारच्या खोलीत ती असायचीच. कानताई आता उठून बघायला जात नसे. पण त्या अकरा सेकंदांत दाराकडे पाठही करत नसे.

भीतीची सवय होते हो. सवय होत नाही ती मनाला लागलेल्या टोचणीची. एकदा टीव्हीवर त्या जुन्या बँडवर कार्यक्रम झाला. तासभर गाणाऱ्याचं कौतुक, आणि गिटारवाल्याबद्दल एकच वाक्य: त्यानंतर त्याने वाजवणं सोडलं. कानताईने ताट बाजूला सारलं. टेपवर खरोखर बाई असेल, तर तिने आपलं काम चोख केलं होतं. पण नसेलच तर? काटा खरा असेल आणि कान खोटा, तर एका माणसाच्या आयुष्यातली सगळ्यात चांगली गोष्ट तिने स्वतःच्या हाताने गळा दाबून मारली होती. आणि वर तिचीच चाहती म्हणून मिरवत होती! "अगं, सोड ना आता," नवरा म्हणाला. तिला ते सोडता येत नव्हतं.

शेवटी तिने एका वहीत चार पानं लिहून काढली. सातही तुकडे, कुठे तो थांबतो, का थांबतो, त्याच्या तोडीचं दुसऱ्या कोणी का वाजवलं नाही. आणि शेवटी खरं ते लिहिलं: ही कॅसेट मी बाद केली, सहाव्या तुकड्यात मला बाई ऐकू येते म्हणून, आणि आजही येते. लेकीने ते टाइप करून इंटरनेटवर टाकलं. सहा जणांनी दोन-दोन शब्दांत उत्तर दिलं. सातवं उत्तर आलं ते असं: "मी त्यांची बायको. तुमचं लिहिलेलं वाचल्यापासून ते धड जेवत नाहीत. कृपा करून कॅसेट घेऊन याल का? आमच्याकडे एकही नाही."

दोन बस बदलून कानताई भर दुपारी तिथे पोचली. खाली शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, वर घर. गिटारवाला टक्कल पडलेला, नाकावर चष्मा, बोटं तेलाने काळी. कानताईने घरून येताना सगळं घोकून ठेवलं होतं, पण त्याला बघताच तिचा बांध फुटला. "माझ्यामुळे तुमचं वाटोळं झालं हो. मला माफ करा."

त्याने टेबलावरची काच उचलली आणि खालून एक कागद काढला. कडा विटलेल्या, पण गुलाबी ओळखू येत होता. "हे तुमचंच अक्षर?"

तिने मान हलवली.

"वाटोळं कसलं, ताई? या चिठ्ठीवर मी सत्तावीस वर्षं काढली." त्याने चष्मा पुसला. "मला ती बाई त्या कोल्ड स्टोरेजातच ऐकू यायची. हात थांबला की सुरू. टेप करणारा पोरगा म्हणाला, काही नाही. आमची ही म्हणाली, काही नाही. डॉक्टरने गोळ्या दिल्या. मी वेडा झालो असं मलाच पटत आलं होतं, आणि तेवढ्यात ही चिठ्ठी आली. कोण कुठली अनोळखी बाई, तिनेही ऐकलं होतं."

"मग पुन्हा का नाही वाजवलंत?"

"गिटारीत शांतता लागते, आणि शांतता आली की ती येते. मशीनचं बरं असतं, सारखं खडखडतं." तो हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. मग अगदी हळू त्याने विचारलं, "श्वास कुठे घेते ती?"

"दीड ओळीनंतर."

त्याने डोळे मिटून घेतले.

त्याची बायको दारात उभी राहून ऐकत होती. थकलेली, सरळ बाई. "मीच वाईट ठरले बघा यात," ती म्हणाली. "पण खरंच काही ऐकू येत नव्हतं, ताई. खोटं कसं बोलणार? वाटायचं, एकदा 'हो' म्हटलं की हे त्यातून बाहेरच यायचे नाहीत. तुमचं चालू द्या. मी चहा टाकते." आणि ती आतल्या खोलीत गेली.

गिटारवाल्याने एक जुना टेपरेकॉर्डर पुसून ठेवला होता. कॅसेट कानताईनेच घातली. सहावा तुकडा सुरू झाला. म्हातारा स्वतःचं वाजवणं परक्याचं ऐकावं तसं ऐकत होता. मग हात थांबला. अकरा सेकंद.

काहीच नाही.

कानताईने टेप मागे घेतली. टेपची बारीक सुंऽऽ तिला ऐकू आली, आतल्या पट्ट्याची कुरकुर ऐकू आली, खाली रस्त्यावर कोणीतरी चावी पाडली तीही ऐकू आली. बाई नव्हती. तिसऱ्यांदा. बाई नव्हती.

"वय झालं, ताई," गिटारवाला पुटपुटला. "दोघांचेही कान गेले."

"माझे नाही गेलेले," कानताई म्हणाली. टेपवर ती बाई नसेल, तर कधीच नव्हती. दोन वेडी माणसं एका कागदाच्या तुकड्यावर जगली, आणि त्या तुकड्यापायी एक चांगली कॅसेट मेली. गिटारवाल्याने टेप बंद केली, कॅसेट काढली आणि हातात घेऊन बसला. सत्तावीस वर्षांनी त्याच्या तोंडावर जे आलं ते बघवत नव्हतं. कानताई बराच वेळ रिकाम्या टेपरेकॉर्डरकडे बघत राहिली.

आतून ट्रे घेऊन त्याची बायको आली. कप एकमेकांवर खडखडत होते. चेहरा पांढराफटक.

"अहो, बंद करा ना ते आता," ती म्हणाली. "किती वेळ चाललंय तिचं!"

कॅसेट गिटारवाल्याच्या तळहातावर होती. बायकोने ती पाहिली. मग टेपरेकॉर्डरच्या उघड्या झाकणाकडे पाहिलं. मग हळूहळू मान वळवून, ज्या खोलीतून आली त्या खोलीकडे.

"तुम्हाला येतंय ना ऐकू?" तिने नवऱ्याला विचारलं. आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "सांगा ना हो. येतंय ना?"

गिटारवाला उठला. त्याने आधी तिच्या हातातला ट्रे काढून घेतला, टेबलावर ठेवला, आणि तिचे दोन्ही हात आपल्या काळ्या हातांत धरले. "हो गं," तो म्हणाला. "येतंय."

"शपथ?"

"शपथ."

तिचं समाधान झालं नाही. ती कानताईकडे वळली. "ताई, तुम्ही सांगा. तुमचा कान पक्का आहे."

कानताईने कान दिला. आयुष्यभर दिला नव्हता इतका दिला. चहाच्या भांड्याखालचा गॅस चालूच राहिला होता, तो फुरफुरत होता. पंखा फिरत होता. त्या बाईच्या बांगड्या थरथरत होत्या. त्यापलीकडे आतल्या खोलीत काहीही नव्हतं.

"येतंय, वहिनी," कानताई म्हणाली. "मलाही येतंय." आणि ती उठून त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली.