द्राक्षमळ्यातला यजमान

माणिक गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही दुसऱ्याच्या लग्नाच्या चौकशीत. एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, माणिकरावांचं लॉन बंद हाय म्हनं. वारले ना ते... पोरीची सुपारी फोडायची हाय, पूर्ण्यात दुसरी जागा हाय का?" बघतो म्हणालो आणि फोन ठेवला. पूर्ण्याहून माणिकचं चुडावा काही लांब नाही. जन्माच्या दोस्ताला पोचवायला गाव गेलं आणि मी घरी पेपर वाचत बसलो होतो. अशी माझी दोस्ती.

आम्ही शाळेत एका बाकावर. पुढं मी मास्तर झालो, तो शेतीत राहिला. द्राक्षं लावली तेव्हा लोक हसले, वाईन काढायची म्हणाला तेव्हा मीही हसलो. पण नाशिककडच्या वाईनऱ्या बघायला त्याच्यासोबत गेलो. एका खेड्यात वेलींच्या ओळींमध्ये चक्क लग्न लागत होतं. आम्ही दोघांनी बिनबोलावता अक्षता टाकल्या आणि जेवूनही आलो. "आपल्याकडं बी व्हईल की हे," असं तो परतीच्या वाटेवर दहादा तरी म्हणाला असेल. तिथल्या मालकानं चाखायला पेला पुढं केला, तर यानं गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर हात ठेवला आणि पेला माझ्याकडं सरकवला. उभ्या आयुष्यात त्यानं थेंब घेतला नाही. पुढं स्वतःची वाईन तयार झाली की दरवर्षी मला फोन यायचा. टाकीतून पेलाभर काढायचा आणि माझ्या तोंडाकडं बघत राहायचा. "मास्तर, तुरट हाय का रं?" "जरा." "मंग थांबू अजून." मी घरी मळा बघायला गेलो होतो असं सांगायचो. येताना मूठभर बडीशेप खायचो, हे सांगायला आता कसली लाज!

वाईनसाठी फारसं कुणी आलं नाही. लग्नं मात्र येऊ लागली. दारू बनते तिथं लग्न कसं लावायचं, म्हणून पाव्हणे कचरायचे. त्यावर माणिकनं स्वतःची रीतच पाडली. लग्नाच्या दिवशी फाटकावरची वाईनची पाटी झाकेल असे आंब्याचे डहाळे बांधायचे, टाक्यांच्या खोलीला कुलूप घालायचं आणि किल्ली नवऱ्या मुलाच्या बापाच्या हातात द्यायची. "घ्या पाव्हणं, आता तुमीच मालक." बाप खूश, मंडळी निवांत. त्याची बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं. पंगतीत स्वतः वाढायचा. परक्यांच्या लेकी सासरी निघाल्या की फाटकाशी उभा राहायचा, आणि सगळे गेल्यावर त्या एवढ्या मोठ्या मळ्यात एकटाच जेवायचा. ते मी एकदा पाहिलं आहे. मी थांबायला हवं होतं, पण मला शेवटची गाडी गाठायची होती.

माझ्या थोरलीचं ठरलं तेव्हा तो आपण होऊन घरी आला. "मास्तर, लग्न माझ्याकडं. मी तारीख धरून ठेवलीय." मी म्हणालो, "माणिक, सोयरे जुन्या वळणाचे आहेत. दारूच्या ठिकाणी नको म्हणतील." सोयरे काहीच म्हणाले नव्हते. मी त्यांना विचारलंच नव्हतं. त्याच्या टाकीतली वाईन वर्षानुवर्षं चाखणारा मी, लोक काय म्हणतील याला भ्यालो. "बरोबर हाय तुमचं," एवढंच तो म्हणाला. परभणीच्या कार्यालयात लग्नाला आला, शेवटच्या पंगतीला जिलबी वाढली आणि न सांगता गेला. त्यानंतरही चाखायला बोलावणारे फोन दोन वर्षं येत राहिले. मी गुडघ्याचं कारण सांगायचो... मग तेही थांबले.

गेल्या आठवड्यात मळ्यात जाऊन आलो. छाटणी राहिली आहे, वेली वाटेल तशा पसरल्यात. वर्षानुवर्षं तिथं राबणाऱ्या शांताबाई एकट्याच होत्या. त्यांनी पाणी दिलं. विहिरीकडच्या मोकळ्या जागेत चालताना माझा पाय एका खड्ड्यात जाता जाता वाचला. बघतो तर असे चार खड्डे, चौकोनात.

"शांताबाई, हे बुजवून टाका. कुणाचा तरी पाय मोडेल."

"त्यांनी बुजू दिले न्हाईत, सर. तुमच्या थोरलीच्या लग्नाला मांडवाच्या मेढी रोवायला खांदले व्हते. ते लग्न परभनीला झालं, पर त्या जागी मंग दुसऱ्या कुनाचा मांडव घालू दिला न्हाई. पावसात गाळ भरला की सोता उकरायचे. मी म्हनलं, कशाला वो ह्यो खटाटोप? तर म्हनायचे, मास्तराची धाकटी हाय की अजून."

उकरलेली माती कडेला तशीच होती. मी वाकून हातात घेतली, तर अजून भुसभुशीत लागली.

"कवा करायलाव मंग धाकटीचं?" शांताबाईंनी विचारलं.

धाकटीनं दोन वर्षांपूर्वी पुण्यात रजिस्टर लग्न केलं. चर्चा नको म्हणून मी इकडं कुणाला कळवलं नाही. माणिकलाही नाही.