तीन दिव्यांचा धडा

“आधी बोला, मग बटण दाबा,” असं बाई म्हणायच्या. वर्गात म्हणायच्या, घरात म्हणायच्या, एकदा तर बसथांब्यावर भांडणाऱ्या दोघा जणांनाही म्हणाल्या होत्या. अर्थ साधाच होता. दिवा लागेल की नाही, काटा हलेल की नाही, हलला तर कुठल्या बाजूला, हे आधी चारचौघांत तोंडानं सांगायचं आणि मगच बटणाला हात लावायचा. दिवा लागल्यावर “मला वाटलंच होतं” म्हणणाऱ्या माणसाला बाईंच्या राज्यात थारा नव्हता.

बाई शिकत होत्या त्या काळी शाळेतलं प्रयोगाचं साहित्य काचेच्या कपाटात असायचं आणि कपाटाला कुलूप असायचं. मास्तर लांबून छडीनं दाखवायचे, हे भिंग, हा चुंबक, हा विजेचा काटा. मुलींनी तर दोन हात लांबच उभं राहायचं. “फुटलं तर तुझा बाप भरून देणार का?” असं एकदा त्यांना सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं होतं. बाप सुतार होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “तू शीक गं. कपाट मी तुला दुसरं करून देईन.”

त्या शिकल्या. भौतिकशास्त्र घेऊन शिकल्या, आणि पहिल्याच शाळेत रुजू झाल्या त्या सकाळी मुख्याध्यापकांकडे त्यांनी कपाटाची किल्ली मागितली. तपासणीच्या दिवशी उघडू, असं उत्तर आलं. बाई म्हणाल्या, निदान काच तरी पुसून ठेवते. किल्ली हातात आली ती परत गेलीच नाही. मुख्याध्यापक विचारायला आले की बाई म्हणायच्या, “अजून पुसतेच आहे.” त्या शाळेत त्या केस पांढरे होईपर्यंत काच पुसत राहिल्या, आणि तोवर भिंगं फुटली, चुंबक पडले, तारा जळल्या, आणि पोरं शिकली.

मग त्यांना प्रशिक्षण केंद्रात बोलावलं. आता समोर पोरं नव्हती, पोरांचे शिक्षक होते. केंद्राची इमारत लांबट आणि पिवळी होती, आणि अगदी टोकाला प्रयोगशाळा. उंच टेबलं, त्यांच्या कडा हातांनी गुळगुळीत झालेल्या, खिडकीशी एक दगडी मोरी आणि भिंतीला टांगलेल्या तारांच्या लडी. पहिल्या दिवशी बाई प्रत्येकाच्या हातात तीनच वस्तू द्यायच्या. एक सेल, एक छोटा दिवा, एक तार. “लावा दिवा,” म्हणायच्या आणि खिडकीशी जाऊन उभ्या राहायच्या.

पाठीमागे कुणाचाच दिवा लागायचा नाही. माणसं वर्षानुवर्षं वीज शिकवून आलेली, पण फळ्यावरची. फळ्यावरची तार कधी हातात आलेली नसायची.

यंदाच्या तुकडीत एक वयस्कर शिक्षक होते. निवृत्तीला टेकलेले, म्हणून सगळे त्यांना आबा मास्तर म्हणायचे. आबांनी तारेची दोन्ही टोकं थेट सेलच्या दोन टोकांना लावली. दिवा थंडच राहिला आणि तार अशी तापली की आबांनी ती हाय हाय करत फेकून दिली.

“बाई, मी वीज शिकवता शिकवता म्हातारा झालो,” आबा बोटं फुंकत म्हणाले. “माझी पोरं पैकीच्या पैकी मार्क आणतात.”

“पोरांचं नाही विचारलं आबा. दिवा लावा.”

“ही थट्टा बरी नव्हे हो बाई, या वयात.”

“थट्टा मी कुठं केली? तारेनं केली.”

सगळे हसले, आणि जरा वेळानं आबाही हसले. दुपारपर्यंत त्यांचा दिवा लागला. लागलेला दिवा हातात धरून ते व्हरांड्यात आले आणि झाडूवाल्या मावशींनासुद्धा दाखवून गेले.

असं सगळं चाललेलं असताना प्राचार्यांनी बाईंना खोलीत बोलावलं. प्राचार्य तरुण, नीटनेटके, टेबलावर कागदसुद्धा तिरका पडू न देणारे.

“बाई, समिती येतेय. प्रयोगशाळेच्या जागी मोठ्या पडद्याचं दालन करायचं त्यांच्या मनात आहे. प्रयोग पडद्यावर दिसतील, कुणाला हात लावायला नको.” मग ते आवाज उतरवून म्हणाले, “पण तुमचा एक धडा बघणार आहेत. धडा चोख झाला तर प्रयोगशाळा वाचेल. तेव्हा जरा तालीम करून घ्या. एकही उत्तर चुकायला नको.”

“उत्तर चुकलं नाही तर मी शिकवायचं काय?”

“बाई, हट्ट नको.”

“तालीम नाटकाची असते, साहेब. तीन दिवे आहेत, तीन पात्रं नाहीत.”

त्या संध्याकाळी जेवताना त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा दवाखान्यात कंपाउंडर. आयुष्यभर बाटल्यांवर औषधाच्या खुणा करून त्याच्या बोलण्यालाही एक माप आलं होतं.

“मग आता काय, गोड बोलणार आहेस?”

“मला येतं का?”

“लग्नाला इतकी वर्षं झाली, अजून मला तरी ऐकू आलेलं नाही.” त्यानं ताट बाजूला सारलं. “पण खोली गेली तर तू आजारी पडशील. त्यावर औषध नाहीये माझ्याकडे.”

ते टेबल, ती मोरी, त्या लडी, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून हललं नाही.

समिती आली. अध्यक्ष जाडजूड, हातात सोनेरी पेन, मागे दोघं जण. प्राचार्य दाराशी उभे. बाईंनी लाकडी फळीवर तीन सारखे दिवे जोडले होते, प्रत्येक दिव्याला सेलपासून स्वतंत्र वाट. तिन्ही लख्ख जळत होते.

“यातला तिसरा दिवा काढला तर बाकीच्या दोघांचं काय होईल? आधी बोला.”

सगळी तुकडी एका सुरात म्हणाली, “बाकीचे दोन जसेच्या तसे जळतील, कारण प्रत्येकाची वाट वेगळी आहे.”

उत्तर बरोबर होतं. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. आणि तिथंच बाईंना शंका आली. इतक्या वर्षांत दोन शिक्षकांनी सारख्याच शब्दांत उत्तर दिलेलं त्यांना आठवत नव्हतं, इथं अख्खी तुकडी पाढा म्हणत होती. त्यांनी आबांकडे पाहिलं. आबांची नजर जमिनीला खिळलेली. मग दाराकडे पाहिलं. प्राचार्य हलकेच मान डोलवत होते. बाईंच्या पाठीमागे, त्या घरी गेल्यावर, मांडून ठेवलेल्या फळीवर तालीम झाली होती.

अध्यक्षांनी सोनेरी पेनाचं टोपण काढलं. “छान! उत्तम तयारी आहे.”

आता नुसतं पुढं जायचं होतं. दिवा काढायचा, बाकीचे दोन जळताना दाखवायचे, आणि प्रयोगशाळा राहिली असती. बाईंचा हात दिव्यावर गेलाही. मग तो हात तिथून उठला, त्यांनी दोन तारांची टोकं सोडवली आणि दुसरीकडे बसवली. आता पहिल्या दिव्यातून सगळी वीज जात होती, आणि पुढे दुसऱ्या-तिसऱ्यात ती वाटून जात होती. पहिला दिवा चांगला जळत होता, ते दोघे मिणमिणत होते.

“आता तिसरा काढला तर?”

तुकडी गोंधळली. मग सवयीनं तोच पाढा उमटला, “बाकीचे दोन जसेच्या तसे...” आणि मध्येच विरला.

बाईंनी तिसरा दिवा काढला. पहिला मंदावला, दुसरा उजळला, आणि दोघे सारखे झाले.

प्राचार्यांच्या तोंडचं पाणी पळालं. अध्यक्ष म्हणाले, “बाई, तुमचे शिक्षक चुकले की हो!”

“चुकले. मघाशी जे बोलले ते त्यांचं नव्हतं, म्हणून ते धरत नाही मी. हे त्यांचं आहे.” त्यांनी तिसरा दिवा परत बसवला आणि अध्यक्षांकडे वळल्या. “आता पहिला काढते. साहेब, तुम्हीही बोला.”

“मी तपासायला आलोय, बाई. परीक्षा द्यायला नाही.”

“इथं बटण दाबण्याआधी सगळेच बोलतात. मीसुद्धा.”

“मी बोलणार नाही.”

मग मागून खुर्ची सरकली. आबा मास्तर उभे राहिले होते.

“मी बोलतो,” ते म्हणाले. “मला वाटतं, पहिला काढला की दोन्ही विझतील. वीज त्याच्यातूनच पुढे येते. चुकलो तर चुकलो.”

“नाही विझणार,” एक तरुण शिक्षिका उठली. “त्या दोघांची आपसात जोडणी आहेच की!”

“अगं पण आत यायचं कुठून?”

बघता बघता अख्खी तुकडी भांडायला लागली. कुणी फळ्याकडे धावलं, कुणी फळीवर बोट फिरवून वाट शोधू लागलं, कुणी समितीला पाठ करून उभं राहिलं. बाईंनी पहिला दिवा काढला. दोन्ही विझले. आबांनी टेबलावर असा हात मारला की अध्यक्षांचं पेन खाली पडलं.

समितीनं चहा घेतला नाही.

आठवड्याच्या आत निर्णय आला. प्रयोगशाळा बंद, त्या जागी पडद्याचं दालन. बाईंना परीक्षा विभागात, प्रश्नपत्रिका काढायच्या. प्राचार्यांनी सांगताना नजर टाळली.

“मी तुम्हाला वाचवायला बघत होतो हो, बाई. एक दिवस गप्प बसला असतात तर खोली राहिली असती.”

“खोली राहिली असती, साहेब. तिच्यात जे चालायचं, ते गेलं असतं.”

“परीक्षा विभागात त्रास नाही. खुर्ची मिळेल, दोन मदतनीस मिळतील.”

“न कळताही सोडवता येतील असे प्रश्न काढू आता? मला शाळेत परत पाठवा.”

“तिथं साधी शिक्षिका म्हणून जावं लागेल. इतक्या वर्षांची बढती जाईल.”

“जाऊ दे. पोरांनी माझी बढती कधी विचारली नव्हती.”

घरी नवऱ्यानं ऐकलं आणि चष्मा पुसून ठेवला. “शाळा लांब आहे,” एवढंच म्हणाला. मग उठून त्यानं बाईंच्या चपलांचा सुटलेला अंगठा शिवायला घेतला.

शेवटच्या दिवशी बाईंनी कुणाला निरोप समारंभ करू दिला नाही. भर दुपारी, खांद्याला पिशवी लावून, त्या लांबट इमारतीच्या बरोबर मधल्या वाटेनं निघाल्या. मागचं फाटक जवळ होतं. त्या पुढच्यानंच गेल्या, प्राचार्यांच्या खिडकीवरून, सावकाश, मान ताठ ठेवून.

वर्गात कुणी नवा माणूस आला होता आणि फळ्यावरचं वाचून दाखवत होता. आबा मास्तर न विचारताच उठले आणि खिडकीशी गेले. त्यांच्यामागे ती तरुण शिक्षिका गेली, मग सगळेच गेले. नवा माणूस दोनदा “बसा, बसा” म्हणाला, मग तोही मागे येऊन उभा राहिला. झाडूवाल्या मावशी फाटकापाशी झाडू टेकून थांबल्या होत्या. बाई रस्त्यावर आल्या, समोरून येणाऱ्या ट्रकला हात दाखवून त्यांनी थांबवलं, रस्ता ओलांडला आणि वळणावर दिसेनाशा झाल्या. तरी खिडकीशी उभं असलेलं कुणीही जागेवर जाऊन बसलं नाही.