चार चाकं, बारा काटे

२००६ सालचा जुलै. माझी धाकटी बहीण पायल हिचं नाव अकोल्याच्या कृषी विद्यापीठात प्रवेशाच्या यादीत लागलं होतं. दुपारी बारा वाजता नावं पुकारणार, आणि नाव पुकारताना उमेदवार हजर नसला तर जागा यादीतल्या पुढच्याला देणार, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. पायलनं त्या ओळीखाली लाल पेननं दोन रेघा मारल्या होत्या.

"सातच्या बसनं जाऊ. साडेनऊले अकोल्यात," ती आदल्या दिवसापासून सांगत होती.

बाबा ऐकत नव्हते. बाबांचं नाव जानराव. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं शिपाई होते आणि तीस वर्षं साहेबांच्या गाडीचं दार उघडत आले होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी दोन मालक होऊन गेलेली एक जुनी मारुती घेतली. पोरगी विद्यापीठाच्या फाटकाशी आपल्या गाडीतून उतरेल आणि दार आपण उघडू, असं त्यांच्या मनात होतं. आम्हाला ते बोलले नाहीत, आईजवळ बोलले. आईच्या पोटात काही राहत नाही.

गाडी दोन महिने जागची हललेली नव्हती. चारही टायर बसले होते. आठ वाजता अमरावतीहून निघालो, बडनेऱ्याच्या पंपावर हवा भरली. मूर्तिजापूर येईपर्यंत स्टेअरिंग डावीकडे ओढायला लागलं. उतरून पाहिलं तर चारही टायर पुन्हा खाली. साडेनऊ वाजले होते.

असं आम्ही नियाजभाईंच्या दुकानासमोर येऊन थांबलो. साहेबांच्या गाडीमुळं बाबांची त्यांच्याशी जुनी ओळख होती.

दुकान म्हणजे रस्त्याच्या कडेला चार बांबूंवर पत्रा, एक कॉम्प्रेसर, अर्धा कापलेला ड्रम पाण्यानं भरलेला, आणि मागं एका पोत्यावर बसून जुन्या ट्यूबचे तुकडे कात्रीनं कापणाऱ्या त्यांच्या पत्नी कुलसुमबी. नियाजभाईंचे वडील शकुंतला रेल्वेवर खलाशी होते. ती गाडी इतकी सावकाश चालायची, की नियाजभाईंची चाल घरातूनच आली असावी, असं लोक म्हणायचे. सायकलच्या पंक्चरपासून सुरुवात करून ते ट्रकच्या टायरपर्यंत पोचले होते. अकोला-अमरावती रस्त्यावरचा प्रत्येक काळीपिवळी जीपवाला त्यांच्याकडेच हवा भरायचा. कारण साधं होतं. त्या वर्षी भारनियमन असं होतं की सकाळी नऊला गेलेली वीज दुपारी तीनला यायची. बाकीच्यांचे कॉम्प्रेसर तेवढा वेळ बंद. नियाजभाई पहाटेच टाकी गच्च भरून ठेवायचे आणि ती हवा दिवसभर पुरवायचे. कोणाला द्यायची, किती द्यायची, ते तेच ठरवायचे.

आम्ही पोचलो तेव्हा ते एका बैलगाडीच्या रबरी चाकात हवा भरत होते. गाडीला बैल नव्हते. जवळपास मालकही दिसेना. गाडीच्या साट्यात, फळ्यांच्या फटींतून गवत उगवलेलं होतं.

"चाचा, आमची जरा घाई आहे," मी म्हणालो. "चार टायर. पंचवीस-पंचवीस पौंड."

"भरतो ना बाप्पा." त्यांनी नळी बैलगाडीच्या दुसऱ्या चाकाला लावली.

"ही गाडी कोणाची?"

"खुशालरावची."

"ते कुठं आहेत?"

"पुन्यात. वाचमन लागला. बैल इकले न् गाडी माह्यापाशी ठेवून गेला. दोन वर्सं झाले."

"मग आज हवा कशाला भरता?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी जेवता कशाला असं विचारलं होतं. "बसलेल्या टायरचं रबर मरते. तो येईन तवा गाडी चालली पायजे का नाई?"

मी नुकताच मेकॅनिकलचा डिप्लोमा केला होता. टाकीवरचं मीटर ऐंशी दाखवत होतं. टाकी किती लिटरची, आमच्या टायरला किती हवा लागेल, हे सगळं मी उभ्या उभ्या मनात मांडलं. असे वीस टायर सहज भरले असते. मी ते नियाजभाईंना सांगितलंही.

"इंजिनेर हाय वाटते," ते बाबांना म्हणाले.

"हो," बाबा खुश होऊन म्हणाले. इकडे घड्याळ पळत होतं आणि बाबा खुश.

पायल गाडीतच बसून होती, मांडीवर फाईल, नजर मनगटावरच्या घड्याळावर.

शेवटी नियाजभाई आमच्या गाडीशी आले. त्यांनी नळी आणलीच नाही. पान्यानं टायरवर टकटक केलं, कान वाकडा करून ऐकलं आणि म्हणाले, "बावीस."

मी खिशातून माझं स्वतःचं हवेचं मीटर काढून लावलं. "सतरा."

"तुह्यं मीटर खराब हाय."

"नवीन आहे चाचा."

"म्हनूनच. नव्याले अजून सवय नाई."

मागून कुलसुमबी हसून म्हणाल्या, "ते मानत नाईत रे बेटा. घड्याळ बी खराब हाय म्हंतात."

"सतरा असो का बावीस, तुम्ही पंचवीस करा आणि आम्हाला जाऊ द्या!"

"कुठं भरली होती?"

"बडनेऱ्यात."

"बडनेऱ्यात भरली, इथं भरा, बोरगावात भरा. हवेवाल्यायची जत्राच करा ना मंग. हवा काई बकरी हाय का, चरायले गेली न् सांजच्याले घरी येईन? गेली ते कुठून गेली, पाहू द्या."

आणि त्यांनी गाडी ढकलायला लावली. हातभर पुढं. थांबा. ते गुडघ्यावर बसून टायरवरून तळहात फिरवायचे, खडूनं एक गोल काढायचे, मग पुन्हा हातभर पुढं. मी आणि बाबा ढकलत होतो. पायल उतरून तीही ढकलू लागली. अंगावरचा नवा ड्रेस तिनं गुडघ्याशी धरला होता. पावणेदहा वाजले. दहा वाजले. बाजूनं एक एसटी अकोल्याकडं गेली आणि पायलनं मान वळवून ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिली.

"बारा," नियाजभाई उठत म्हणाले. "चार चाकात बारा काटे. बाभळीचे. गाडी वावरात नेली होती का जानरावभाऊ?"

बाबांनी रुमाल काढून मान पुसली.

"सांगा ना बाबा," पायल म्हणाली.

मग मीच सांगितलं. आमचं घर अमरावतीच्या बाहेर, मोकळ्या लेआउटमध्ये. आजूबाजूच्या बकऱ्या गाडीच्या टपावर चढायच्या. गावाकडं कडब्याच्या गंजीभोवती घालतात तशा बाबांनी गाडीभोवती बाभळीच्या काट्या, म्हणजे काटेरी फांद्या, रचून ठेवल्या. बकऱ्या थांबल्या. पण सकाळी काट्या बाजूला ओढताना सुटे काटे जमिनीवर राहिले, आणि त्यांच्यावरूनच आम्ही गाडी बाहेर काढली.

कुलसुमबींनी कात्री खाली ठेवली. "या अल्ला. गाडीले कुंपन!"

"बकऱ्यायपासून गाडी वाचली," बाबा एवढंच म्हणाले.

"अन् स्टेपनी?" नियाजभाईंनी विचारलं.

हा प्रश्न येऊ नये असं मला वाटत होतं. स्टेपनी घरी होती. बकऱ्यांनी काट्या ओढू नयेत म्हणून बाबांनी ती वजनासाठी काट्यांवर ठेवली होती, आणि ती तिथंच राहिली होती.

नियाजभाईंनी हातातला खडू डब्यात टाकला. मग म्हणाले, "ठीक हाय. काटे कोनी काढायचे नाईत. काटा बसला हाय तवापर्यंत भोक बुजून हाय. हवा भरून देतो, सावकाश जा. वापसीत एक एक काढतो. समजलं का इंजिनेर?"

"समजलं."

ते नळी आणायला वळले. नळीला गाठ पडली होती. ती सोडवत असताना शेजारच्या टपरीवाल्याशी त्यांचं बोलणं सुरू झालं. मी मागच्या डाव्या चाकाशी उभा होतो. खडूच्या गोलात तो काटा स्पष्ट दिसत होता, तपकिरी, जाड बुडाचा. दिसलेला दोष तसाच ठेवून गाडी चालवायची, हे माझ्या डोक्यात बसेना. एवढ्या जाड काट्याचं टोक ट्यूबमध्ये हलत राहिलं तर भोक मोठं होईल, असाही माझा हिशेब होता. डब्यात पक्कड पडलेली होती. मी काटा धरला आणि ओढला.

फुस्स आवाज झाला आणि चालूच राहिला. मी त्यावर अंगठा दाबला. त्यानं काही होत नसतं.

नियाजभाई नळी घेऊन आले तेव्हा गाडी त्या कोपऱ्यावर खाली बसलेली होती.

"काहून काढला बे?" त्यांचा आवाज चढला. "सांगतलं होतं ना तुले! इतका वेळ मी काय गोष्टी सांगून राहिलो होतो का? बकऱ्यायपेक्षा तूच भारी निघाला!"

"किती वेळ लागेल?" पायलनं विचारलं. सव्वादहा झाले होते.

"चाक काढा, ट्यूब काढा, घासा, ठिगळ लावा, वाळू द्या. पाऊन घंटा. जास्तच."

पायलनं गाडीतून फाईल घेतली, पाण्याची बाटली घेतली आणि रस्त्याकडं निघाली.

"कुठं चालली?" बाबा म्हणाले.

"अकोल्याले."

"थांब ना माय. होऊनच राहिलं. सगळे संगच जाऊ."

"बाबा, नाव माह्यं पुकारणार हायेत. गाडीचं नाई."

मला जमिनीत जावंसं वाटत होतं. आणि त्या सकाळी पहिल्यांदाच मी नियाजभाईंना पळताना पाहिलं. लुंगी धरून ते रस्त्याच्या मधोमध गेले आणि समोरून येणारी काळीपिवळी त्यांनी दोन्ही हात पसरून थांबवली.

"फुरकान! या पोरीले विद्यापीठाच्या फाटकाशी सोड. मधात कुठीसा थांबू नको."

"चाचा, अजून पाच सीट खाली हायेत. नाक्यावर भरून घेतो, मंग—"

"नाक्यावर थांबशीन तर उद्यापासून टायरात तोंडानं फुंक मार. माह्या टाकीतली हवा भेटनार नाई."

फुरकान हा तिशीतला ड्रायव्हर, तोंडात तंबाखूचा खर्रा. त्यानं एकदा नियाजभाईंकडं, एकदा त्या टाकीकडं पाहिलं. त्याचा सगळा धंदा त्या टाकीवर चालायचा. "बसा ताई," तो म्हणाला.

काळीपिवळीला मागं दार नव्हतं. दाराच्या जागी एक साखळी अडकवलेली होती. बाबा पुढं गेले, त्यांनी ती साखळी आकड्यातून काढली आणि पायल चढेपर्यंत हातात धरून उभे राहिले. ती बसल्यावर त्यांनी ती पुन्हा अडकवली आणि नीट बसली का, दोनदा ओढून पाहिलं. गाडी गेली.

पुढचा पाऊण तास कोणीच माझ्याशी बोललं नाही. नियाजभाईंनी ट्यूब काढली, कुलसुमबींनी ठिगळ निवडून दिलं, मी पाण्याचा ड्रम ओढून दिला. दोनदा मी काही सुचवायला तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा बाबांनी नुसतं पाहिलं.

अकोल्याला पोचायला साडेबारा झाले. वाटेत बोरगावला थांबून पुन्हा हवा भरावी लागली. तीही उरलेल्या अकरा काट्यांसकट, कारण या वेळी मी हात खिशातून बाहेर काढलाच नाही. विद्यापीठात त्या इमारतीच्या पायऱ्यांवर पायल बसलेली दिसली. पेरू खात होती.

"पुकारलं?" बाबांनी गाडी पुरती थांबायच्या आत विचारलं.

"बारा वाजून पाच मिनिटांनी. तिसरंच नाव होतं." तिनं प्रवेशाची पावती दाखवली. "माह्या मागच्या पोरीचं नाव तीनदा पुकारलं. ते आलीच नाई. तिची जागा गेली."

बाबांनी ती पावती दोन्ही हातांत धरून वाचली. मग तिला म्हणाले, "चाल, बस." आणि गाडीचं दार उघडून धरलं. फाटकाशी नाही, आतच, पायऱ्यांजवळ. ती पेरू खात खात बसली.

चार वाजता परत मूर्तिजापूरला आलो. वीज आली होती, कॉम्प्रेसर धडधडत होता. नियाजभाईंनी आम्हाला पाहिलं आणि मशीन बंद केली.

"जागा भेटली?"

"भेटली," पायल म्हणाली.

"फुरकान थांबला होता का कुठी?"

"नाई चाचा. एक बाई हात दाखवत होती, तिच्याही पुढून नेली."

"हां," ते म्हणाले आणि कामाला लागले.

सकाळसारखंच सगळं. चाक काढलं, ट्यूब काढली, काटा काढला, कुलसुमबींसमोरच्या डब्याच्या झाकणात ठेवला. पुढचं चाक. मध्येच चहा. माझ्या मनात पुन्हा तीच चरफड सुरू झाली, पण आता घाई नव्हती आणि बोलायला तोंडही नव्हतं. शेवटचं चाक बसलं. आता नळी आणतील असं वाटलं, तर ते झाकणातले काटे बोटानं सरकवत मोजायला बसले.

"अकरा."

"तेवढेच असतील," मी म्हणालो.

"बारा गोल काढले होते मी. एक तर सकाळी तूच ओढला. तो कुठं हाय?"

"टाकला असेल कुठंतरी. चाचा, हवा भरा ना आता."

"काटा अख्खा दिसल्याबिगर हवा नाई. टोक मोडून आत राहिलं असंन तर बडनेऱ्याच्या अलीकडंच बसशीन. सकाळी पोरीची घाई होती म्हनून सोडला. आता कायची घाई?"

बाबा वाकून जमिनीवर शोधू लागले. कुलसुमबी पोतं झटकू लागल्या. पायल गाडीखाली डोकं घालून पाहायला लागली.

काटा माझ्या शर्टाच्या खिशात होता. मीटरच्या शेजारी. सकाळपासून त्याचं टोक मला टोचत होतं. मी तो काढून झाकणात ठेवला. अख्खा होता, टोकासकट.

"बारा," नियाजभाई म्हणाले आणि नळी आणायला उठले. दोन पावलं जाऊन थांबले. "ते मीटर बी काढ. बावीस खरे होते का सतरा, हवा भरताना पाहूनच घेऊ."