बसून गायचं गाणं

ईश्वरप्पा सोलापुरातल्या एका गिरणीत घडी खात्यात होता. तयार कापड मोजून त्याच्या घड्या घालायच्या, छाप मारायचा, गठ्ठे बांधायचे. चोवीस वर्षं त्याने हेच केलं. दारू नाही, जुगार नाही, तंबाखूसुद्धा नाही. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आणि दर शनिवारी पाळी सुटली की आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून संगीत बारीचं थेटर. तेवढा एक नाद त्याला होता.

थेटरात नाचणाऱ्या पोरी पुष्कळ होत्या. ईश्वरप्पा त्यांच्यासाठी जात नसे. तो जायचा केराबाईसाठी. केराबाई बसून गायची. गुडघा मोडून, पदर सावरून बसली, की पेटीवाल्याकडे एकदा बघायची आणि सुरू. ‘वाट बघून बघून माझं दारच थकलं’ अशी तिची एक लावणी होती. ती पहिली ओळ एकदा रागाने म्हणायची, एकदा लाजून, एकदा तो माणूस मागे येऊन उभाच आहे अशा थाटात. आणि शेवटी अशी म्हणायची, की तो आता कधीच येणार नाही हे तिला कळून चुकलंय. मान तेवढी हलायची, नाहीतर हाताची दोन बोटं. ईश्वरप्पाच्या घरात कानडी बोलत. प्रेमाबिमाचं बोलणं कुठल्याच भाषेत होत नसे. ती ओळ चौथ्यांदा ऐकताना त्याच्या छातीत काय व्हायचं ते त्याला कुणाला सांगता आलं नसतं, आणि सांगायला कुणी नव्हतंही. बायको, दानम्मा, शनिवारी जेवण झाकून ठेवायची आणि भिंतीकडे तोंड करून निजायची.

एकाहत्तर साली मुलीचं, महानंदाचं, लग्न जमलं. अक्कलकोटचे वीरभद्रप्पा धान्याचे व्यापारी; त्यांचा मुलगा. पसंती झाली, पत्रिका छापायला टाकल्या. आणि लग्नाला बारा दिवस उरले असताना वीरभद्रप्पा सकाळी सकाळी एकटेच आले. पाणीही घेतलं नाही त्यांनी.

“ईश्वरप्पा, राग मानू नका. तुम्ही शनिवारी कुठं जाता?”

ईश्वरप्पा खोटं बोलला नाही. “बारीला जातो. गाणं ऐकतो.”

“तमाशाला जाता म्हणा की.”

“तमाशा न्हवं मालक. बैठकीची लावणी असती. ती बाई बसून...”

“बसून काय आणि उभ्यानं काय. नाचणारीच्या दारात बसणाऱ्याची मुलगी आम्ही घरात कशी आणू? मला अजून तीन मुली उजवायच्या आहेत.”

एवढं बोलून ते उठले. स्वयंपाकघराच्या दारात महानंदा उभी होती. तिने सगळं ऐकलं.

त्या दिवसापासून ईश्वरप्पाने थेटर सोडलं. दुसरं स्थळ येईना. आलेल्यांच्या कानावर पहिल्याची गोष्ट आधीच पोचलेली असे. महानंदा बालवाडीत शिकवायला जाऊ लागली. बापाशी ती तुटक बोलायची, पण वेळेवर जेवायला वाढायची. शनिवारी संध्याकाळी ईश्वरप्पा ओट्यावर नुसता बसून राही.

गिरणीच्या वाटेवर थेटर लागायचं, म्हणून पाटी तेवढी दिसायची. दुष्काळाची सालं संपली तेव्हा ‘संगीत बारी’ हे शब्द खरवडून तिथे ‘लोकनाट्य’ रंगवलं होतं. खात्यातला एकजण सांगत होता, “बारी म्हटलं की लोक नाकं मुरडत्यात, म्हणून नाव बदललं. आता मधी गोष्ट घालत्यात, विनोद, सिनेमाची गाणी. केराबाईला एकच लावणी देत्यात, तीबी आटप आटप म्हणून.”

पंचाहत्तर साली गावात लोककला महोत्सव भरला. कुठल्याशा समितीने भरवलेला. मोठा मांडव, खुर्च्या, बायकांना वेगळी जागा. बालवाडीच्या बाईंना पास मिळाले. महानंदाने एक बापापुढे ठेवला. “केराबाईंचं नाव छापलंय यात,” एवढंच म्हणाली.

ईश्वरप्पाने चार वर्षांनी तो धुतलेला सदरा काढला.

पहिल्या रांगेत समितीची माणसं बसली होती. छातीला बिल्ले, शेजारी बायका, सुना. त्यांत वीरभद्रप्पा होते. कुणीतरी भाषण केलं, की ही आपल्या मातीची कला, हिची लाज कसली, हिचा अभिमान हवा. वीरभद्रप्पांनी टाळ्या वाजवल्या.

केराबाई आली. केस पांढरे झाले होते. ती नेहमीसारखी गुडघा मोडून बसली आणि पेटीवाल्याकडे बघितलं. तेवढ्यात एक तरुण कार्यकर्ता लगबगीने आला. त्याचं बोलणं माईकमधून साऱ्या मांडवाला ऐकू गेलं.

“बाई, तुमचं नाव लोकनृत्यात आहे. उभं राहायला लागेल.”

“मी बसून गाते, दादा.”

“बसून गायलं तर ते लोकगीत झालं. त्यांचा कार्यक्रम काल झाला.”

“माझं गाणंबी हाय आन् नाचबी हाय, पर बसूनच हाय.”

“तसा विभाग नाही आमच्याकडं. उठा लवकर, पाहुणे खोळंबलेत.”

केराबाई जमिनीला हात टेकून उठली. ढोलकी चढली. तिने चार पावलं टाकली, गिरकी घ्यायला गेली आणि गुडघ्यातून लचकली. बायकांच्या बाजूला कुणीतरी फिदीफिदी हसलं. तिने ओळ धरली, पण धापेत ती तुटली.

ईश्वरप्पा कधी उभा राहिला त्याचं त्यालाच कळलं नाही. “बसू द्या बाईला!” तो ओरडला. “बाई, बसून म्हणा! ती ओळ, चौथ्यांदा म्हणता ती...”

दोन स्वयंसेवकांनी त्याचे दंड धरले. “ए म्हाताऱ्या, तमाशाला आलायस काय? घरच्या बायका आहेत इथं!”

त्याला मांडवाबाहेर काढलं. वीरभद्रप्पांनी एकदा वळून बघितलं, ओळखलं, आणि परत समोर बघू लागले.

महानंदा मागोमाग बाहेर आली. ईश्वरप्पाच्या सदऱ्याची बाही उसवली होती. दोघं घराकडे चालू लागली.

“अप्पा, हेच का ते?”

“हेच. पर हे असं न्हाई. ती बसून म्हणती तवा...”

“ते कळलं मला. ती बसली होती तेवढ्यातच कळलं.” मग थांबून ती म्हणाली, “ह्यालाच चार वर्षांपूर्वी लोककला म्हटलं असतं कुणी, तर?”

महानंदा रडली नाही. घरी येऊन तिने बाही शिवून दिली.

पुढे थेटराच्या पाटीवर ‘ऑर्केस्ट्रा’ आलं. केराबाईचं नाव पाटीवरून गेलं, मग आतूनही गेलं. ती सांगोल्याकडे भावाच्या गावी गेल्याचं कळलं. अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात महानंदाच म्हणाली, “जाऊ या. मला एकदा ऐकायचंय.”

एस.टी.तून उतरून ती दोघं भर दुपारी पोचली. गावात पाण्याचा टँकर आला होता. सगळी तिकडेच पळत होती. भावाच्या घरामागे शेरडांच्या गोठ्यालगत एक पडवी होती, तिथे केराबाई बसली होती. पाय सुजलेले. ईश्वरप्पाने “बाई” म्हणून हाक मारली, तेव्हा मांडवातल्या त्या आवाजावरूनच तिने त्याला ओळखलं आणि ती एकदम घाबरली.

“हळू बोला. हितं कुणाला ठावं न्हाई.”

“काय ठावं न्हाई?”

“मी भजनात गात हुते म्हणून सांगितलंय. बारीतली म्हटलं असतं तर भावजयीनं हितं टेकू दिलं नसतं.”

महानंदा तिच्याजवळ खाली बसली. “बाई, ती एक लावणी... हळू म्हणा, नुसत्या बोटांनी म्हणा.”

केराबाईने तिच्याकडे बघितलं. हात मांडीवरून थोडा उचलला. तेवढ्यात घागर घेऊन भावजय आली आणि दारातच उभी राहिली.

“कोण पावणं?”

“सोलापूरचं,” केराबाई म्हणाली. हात तिने पदराखाली घेतला. “आमच्या भजनातलं.”

भावजयीने ईश्वरप्पाच्या कपाळावरचं भस्म बघितलं. “व्हय का वो?”

“व्हय,” ईश्वरप्पा म्हणाला. “भजनातलंच.”

भावजयीने त्यांना तांब्याभर पाणी दिलं. त्या टंचाईत ते थोडं नव्हतं. पाणी पिऊन दोघं उठली. केराबाई त्याच वर्षी दिवाळीच्या आधी गेली. त्यांना ते पुढच्या शिमग्याला समजलं.