देवी बोलली

अंजनगाव सुर्जीत हार गुंफावा तर सुभद्राबाईंनी! शेवंतीचं एक फूल वाकडं दिसेल तर शपथ. पण नवरा खुशालराव गेले आणि बाईंचं सगळंच बिनसलं. झोप उडाली, खुशालराव हाक मारतात असे भास व्हायला लागले. अकोल्याच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. गुण येईना, म्हणून भावानं अमरावतीला दुसऱ्याकडे नेलं. वाटेत बजावलं, "पयल्याचा कागद दाखवू नोको, डॉक्टरले राग येते." आता काय म्हणावं या शहाणपणाला! बाईंनी कागद लपवला आणि दोन्हीकडच्या गोळ्या इमानेइतबारे गिळल्या.

महिन्याभरात हात असे थरथरू लागले की सुईत दोरा जाईना. जबडा आपोआप हलायचा, जीभ जड, पाय एका जागी ठरेनात. आपल्या अंगात दुसरंच कुणीतरी राहायला आलंय असं वाटून बाईंचा जीव घाबरा व्हायचा.

नवरात्रात देवळात उभ्या असताना अंग गदगदा हललं. "सुभद्राबाईच्या अंगात आलं!" झालं. विधवा म्हणून हळदीकुंकवाला टाळणाऱ्या त्याच बायकांनी मळवट भरला, पाया पडल्या. बाई आतून ओरडत होत्या, अगं, गोळ्यांनी होतंय हे! तोंडातून नुसती घुरघुर.

शेजारची रुख्मिणी पोरीचा हात धरून पुढं आली. "माय, माह्या हर्षाच्या डोक्याच्या गोळ्या दोन वर्सांपासून चालूच हायेत. काय करू?" त्या गोळ्यांवरच तर हर्षा कॉलेजात जात होती! बाईंनी सगळा जोर लावला. फेकू नको, डॉक्टरला विचार. बाहेर पडलं एवढंच, "गोळ्या... फेक..."

शेवटी सून रागिणीनं लपवलेला कागद शोधला आणि दोन्ही कागद अमरावतीच्या डॉक्टरपुढं ठेवले. त्यानं कपाळाला हात लावला. गोळ्या हळूहळू कमी केल्या, संक्रांतीपर्यंत जीभ मोकळी झाली. त्याच दिवशी बाई रुख्मिणीच्या घरी धावल्या. हर्षा भिंतीकडे तोंड करून पुटपुटत बसली होती. केस पिंजारलेले, ताट तसंच पडलेलं. 

"रुख्मिणी, मी 'फेकू नोको' म्हणत होती वं! गोळ्यांनी माही जीभच वळत नव्हती. पोरीले आजच दवाखान्यात ने."

रुख्मिणीनं मान हलवली. "तुमी नोका सांगू, बाई. तवा तुमी कुठी होत्या? तवा देवी बोलली."